चौथा सिंह

एकवीरा आईच्या दर्शनाला कार्ल्याचा डोंगर चढून गेलेल्या प्रत्येकाच्या नजरेसमोरून तो खांब गेलेला असतो. पण त्याच्यापाशी थांबून, मान वर करून पाहणारे थोडेच. देवळाला लागून बौद्ध लेणे आहे. त्या प्रचंड चैत्यगृहाच्या तोंडाशी डाव्या हाताला सोळा बाजूंचा एक उंच दगडी खांब उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर चार सिंह एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसले आहेत. खांबावर ब्राह्मी लिपीत छोटासा लेख आहे. हा सिंहस्तंभ गोतीचा मुलगा महारठी अग्निमित्रणक याने दान दिला, एवढेच तो सांगतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे दान आहे.

आता खिशातले एखादे नाणे काढून पाहा. तसेच सिंह, पण तीन. चौथा पाठीमागे आहे, म्हणून दिसत नाही. नाण्यावर, पासपोर्टवर, स्टॅम्प पेपरवर, राजपत्रावर आणि संसदेच्या माथ्यावर असलेले हे चिन्ह म्हणजे भारतीय प्रजासत्ताकाची राजमुद्रा. बोलताना आपण तिला सवयीने ‘अशोकस्तंभ’ म्हणतो. पोलीस किंवा लष्करी अधिकाऱ्याला बढती मिळाली की ‘खांद्यावर अशोकस्तंभ आला’ असे घरचे अभिमानाने सांगतात. पण चित्रात स्तंभ नाहीच. आहे तो स्तंभाचा फक्त माथा, म्हणजे स्तंभशीर्ष. खरा स्तंभ तुटलेल्या अवस्थेत सारनाथला उभा आहे आणि त्याच्यावर काही लिहिलेले आहे. हा फरक बारीक वाटेल, पण मला जे सांगायचे आहे ते सारे त्या फरकात आहे.

सारनाथ वाराणसीपासून जेमतेम दहा किलोमीटर. बोध झाल्यावर बुद्धाने आपल्या पाच जुन्या सोबत्यांना पहिला उपदेश केला तो इथे. त्या घटनेला धम्मचक्र प्रवर्तन म्हणतात. नागपूरच्या दीक्षाभूमीमुळे हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने या जागी स्तंभ उभारला. दगड चुनारचा, गंगाकाठच्या खाणींतला वालुकाश्म, आणि त्यावर मौर्यकाळातली ती प्रसिद्ध झिलई. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग इथे आला. त्याने सुमारे ७० फूट उंचीच्या, रत्नासारख्या चमकणाऱ्या एका दगडी खांबाची नोंद करून ठेवली आहे.

पुढे विहार ओस पडले, माती चढत गेली. १७९४ साली बाबू जगतसिंह यांनी बाजार बांधण्यासाठी इथला एक मोठा स्तूप फोडून विटा आणि दगड नेले. आपल्याकडे किल्ल्यांच्या आणि वाड्यांच्या दगडांचे जे झाले, तेच. सिंह मात्र मातीखाली असल्यामुळे वाचले. १९०४ च्या हिवाळ्यात सार्वजनिक बांधकाम खात्यातले अभियंते फ्रेडरिक ऑस्कर ओर्टेल यांनी सारनाथला उत्खनन सुरू केले. जागेवरच उभा असलेला स्तंभाचा बुंधा त्यांना सापडला आणि मार्च १९०५ मध्ये जवळच पडलेले सिंहशीर्षही मिळाले. या वस्तू ठेवण्यासाठी तिथेच संग्रहालय बांधले गेले. १९१० साली ते पूर्ण झाले आणि सिंह आजही तिथेच आहेत.

हे शीर्ष साधारण सात फूट उंच आहे, एकाच दगडातून कोरलेले. तळाशी उलट्या कमळाचा घंटेसारखा आकार, त्यावर एक गोल बैठक, बैठकीवर चार सिंह. आयाळीच्या बटा ओळीने रचल्यासारख्या, पंजांवरच्या शिरा ताणलेल्या, जबडे किंचित उघडे. बैठकीच्या कडेवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह असे चार प्राणी एकामागून एक चालले आहेत आणि दर दोघांच्या मध्ये २४ आऱ्यांचे एक चक्र आहे. आपल्या राष्ट्रध्वजावरचे चक्र तिथूनच घेतलेले आहे.

त्या चार प्राण्यांचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. हत्ती म्हणजे मायादेवीचे स्वप्न, घोडा म्हणजे सिद्धार्थाला राजवाड्याबाहेर नेणारा कंथक, असे कुणी बुद्धाच्या चरित्राशी जुळवतात. कुणी चार प्राणी म्हणजे चार दिशा मानतात. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण वरचे सिंहही चार दिशांनाच पाहतात. बुद्धाला शाक्यसिंह म्हणत आणि त्याच्या उपदेशाला सिंहनाद. इथे उच्चारलेला शब्द चारी दिशांना गेला, असे ते शिल्प सांगते.

आणि सिंह हा या शिल्पाचा शेवट नव्हता. त्यांच्या पाठींवर आणखी एक मोठे चक्र होते. ते फुटले. त्याचे तुकडे उत्खननात मिळाले. म्हणजे मूळ रचनेत सिंहांचे काम चक्र पेलण्याचे होते: सर्वांत वर धम्म, आणि त्याला खांदा देणारे बळ त्याच्या खाली. राजमुद्रेत आज सिंह सर्वांत वर दिसतात ते चक्र हरवल्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हात मात्र सिंहांच्या डोक्यावर चक्र आहे. न्यायालयाच्या चिन्हात ते परत यावे हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

गोल शिल्पाचे सपाट चित्र करताना आणखीही काही गळले. चारांतले तीन सिंह उरले. बैठकीवर मधोमध एक पूर्ण चक्र, पाहणाऱ्याच्या उजवीकडे बैल, डावीकडे घोडा, आणि दोन्ही टोकांना आणखी दोन चक्रांच्या नुसत्या कडा दिसतात. हत्ती मागे राहिला. खालचे कमळ तर मुद्दामच वगळले. आणि जे मुळात नव्हते ते एक आले: ‘सत्यमेव जयते’.

हे शब्द सारनाथच्या दगडावर नाहीत. ते मुंडकोपनिषदातले आहेत, तिसऱ्या मुंडकातले. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात ते लोकांच्या ओठी रुळवण्यात पंडित मदन मोहन मालवीय यांचा मोठा वाटा मानला जातो. बौद्ध शिल्पाखाली उपनिषदाचे शब्द, आणि तेही देवनागरीत. मराठी शाळेत पहिलीचे पोर ते अक्षर अक्षर जुळवत वाचू शकते. नियमांप्रमाणे हे ब्रीद राजमुद्रेचा भाग आहे. ते गाळून नुसते सिंह छापले तर मुद्रा अपुरी राहते.

मग खुद्द स्तंभावर काय लिहिले आहे? सारनाथच्या त्या बुंध्यावर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत अशोकाचा एक आदेश आहे. संघात कोणी फूट पाडू नये, हा त्याचा गाभा. जो भिक्षू किंवा भिक्षुणी फूट पाडील, त्याला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावले जाईल. भिक्षूची काषाय वस्त्रे काढून घेणे म्हणजे त्याचे भिक्षुपणच काढून घेणे. आदेश एवढ्यावर थांबत नाही. त्याची एक प्रत अधिकाऱ्यांनी आपल्या बसण्याच्या ठिकाणी ठेवावी, दुसरी उपासकांसाठी ठेवावी, उपासकांनी दर उपोसथाला, म्हणजे व्रताच्या दिवशी, येऊन त्याची उजळणी करावी आणि महामात्रांनी, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही, त्या दिवशी यावे, असे त्यात सांगितले आहे.

मी हा लेख पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा थक्क झालो. हे तर परिपत्रक आहे! एक प्रत कार्यालयात, एक प्रत जनतेसाठी, आणि अधिकाऱ्यांनी ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा वाचायचे. दगडावर कोरले म्हणजे काम झाले असे अशोकाने मानले नाही. आदेशाची आठवण राहायची तर तो वाचला गेला पाहिजे, हे त्याला ठाऊक होते. महाराष्ट्रातही त्याने आपला शब्द पोहोचवला होता. नालासोपाऱ्यात त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला आणि तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

स्वतंत्र भारताने हे चिन्ह निवडले ते टप्प्याटप्प्याने. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथचे चक्र आले. त्याच वर्षी १५ डिसेंबरला दीड आण्याचे टपाल तिकीट निघाले, त्यावर सिंहशीर्ष होते. नोटांच्या बाबतीत थोडा विचारविनिमय झाला. राजा जॉर्जच्या चित्राऐवजी महात्मा गांधींचे चित्र घ्यावे असे आधी वाटत होते, पण शेवटी सिंहांवर मत स्थिरावले. १९४९ ची एक रुपयाची नोट बाकी जुन्याच नक्षीची आहे, मात्र राजाच्या जागी सिंह आले. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक झाले आणि त्याच दिवशी हे राजचिन्ह अधिकृतपणे स्वीकारले गेले. १५ ऑगस्ट १९५० ला नवी नाणी आली. एक रुपयाच्या नाण्यावरचा वाघही गेला आणि त्याच्या जागी धान्याची कणसे आली. लष्करात मेजरच्या खांद्यावर असलेला ब्रिटिश मुकुट उतरला आणि तिथे सिंह बसले.

संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलाल बोस आणि त्यांच्या शांतिनिकेतनातल्या विद्यार्थ्यांनी केली. तिच्यातली राजमुद्रा काढण्याचे काम आले दीनानाथ भार्गव या विशीतल्या विद्यार्थ्याकडे. तापी नदी जिथे उगम पावते त्या बैतुल जिल्ह्यातल्या मुलताईचा हा मुलगा. खरा सिंह कसा बसतो, कसा पाहतो हे समजावे म्हणून तो कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह न्याहाळत असे. समोर दोन हजार वर्षांपूर्वीचा उत्तम नमुना असताना त्याने जिवंत सिंहही पाहिला, ही कलावंताची निष्ठा.

युरोपातल्या देशांची राजचिन्हे बहुधा ढालीभोवती उभी राहिलेली असतात. तिथली परंपरा लढवय्या सरदारांच्या ढालीवरून आणि अंगरख्यावरून आली. कवच घातलेला माणूस ओळखू यावा म्हणून ही खूण असे. ब्रिटनच्या चिन्हात मुकुट आहे, ढाल आहे, तिला धरून सिंह आणि एकशिंगी घोडा आहे. आपल्या शेजारी श्रीलंकेचा सिंह हातात तलवार घेऊन उभा आहे. भारताच्या राजमुद्रेत ढाल नाही, मुकुट नाही, कुठलेही शस्त्र नाही. कलिंगच्या युद्धाचा पश्चात्ताप दगडावर कोरून ठेवणाऱ्या राजाचे चिन्ह घेतल्यावर ती निःशस्त्र असावी, हे सुसंगतच आहे.

मराठीत ‘शिक्कामोर्तब होणे’ असा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. त्यातले शिक्का आणि मोर्तब हे दोन वेगळे ठसे. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर शिक्का उमटे, आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ असे शब्द होते. पत्राची मर्यादा इथे झाली, यापुढे कोणी एक अक्षर वाढवले तर ते राजाचे नव्हे. शिक्का अधिकार सांगतो, मोर्तब त्या अधिकाराची हद्द. आजच्या राजमुद्रेचा शिक्का सगळ्यांना माहीत आहे, मोर्तब फारसे कुणाला ठाऊक नाही.

ते मोर्तब म्हणजे २००५ चा भारताचे राजचिन्ह अनुचित वापर प्रतिबंध कायदा आणि २००७ चे त्याच्या वापराचे नियम. त्याआधी १९५० चा एक कायदा होता, पण त्याचा रोख मुख्यतः व्यापारी वापरावर. नव्या कायद्याने सरळ सांगितले, की ही मुद्रा पाहून कागद सरकारी आहे किंवा माणूस सरकारचा आहे असा समज होईल अशा रीतीने ती कोणी वापरायची नाही. धंद्यासाठी नाही, व्यवसायासाठी नाही, ट्रेडमार्क म्हणून तर नाहीच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सहा महिने कैद. गैरफायद्यासाठी वापर केला तर पहिल्याच वेळी किमान सहा महिने.

ठरलेली पदे आणि कार्यालयेच ती वापरू शकतात. सरकारी शिक्क्यात ती गोल किंवा लंबगोल चौकटीत असते, पत्राच्या कागदावर माथ्यावर मधोमध. इमारतींपैकी राष्ट्रपती भवन, संसद, सर्वोच्च न्यायालय, सचिवालये, राज्यपालांची निवासस्थाने, विधिमंडळे, उच्च न्यायालये आणि परदेशातल्या आपल्या वकिलाती अशा मोजक्याच ठिकाणी ती झळकते. गाड्यांचेही तसेच. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, राज्यपाल अशा ठरावीक पदांसाठीच ती मुभा आहे. महापालिका, पंचायती, बँका, सरकारी कंपन्या, विद्यापीठे, स्वयंसेवी संस्था यांना नियमांत परवानगी नसेल तर ती वापरता येत नाही.

यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा नियम माजी मंडळींचा. माजी मंत्री, माजी खासदार-आमदार, माजी न्यायाधीश, निवृत्त अधिकारी, सगळ्यांना तो नावानिशी लागू आहे. पद गेले की मुद्रा गेली. आणि ज्यांना पदावर असताना ती वापरता येते, त्यांनीही मुद्रा असलेल्या कागदावर किंवा कार्डावर आपल्या नावासोबत वकील, संपादक, चार्टर्ड अकाउंटंट असा व्यवसाय लिहायचा नाही. काय नेमके ओळखले आहे बघा! लोकप्रतिनिधीच्या कार्डावर सिंह आणि त्याखाली ‘अॅडव्होकेट’ असेल, तर पक्षकाराला सिंहच आधी दिसणार.

हा नियम सर्रास मोडला जातो. माझ्या घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेत निमंत्रकांपैकी एकांच्या नावामागे ‘माजी’ होते आणि नावाच्या वर हे तीन सिंह, सोनेरी शाईत. ब्रीद छापायला जागा पुरली नसावी. त्या गृहस्थांचा हेतू वाईट नव्हता, मुलीच्या लग्नाच्या आनंदात केलेली हौस होती. तरी मला ते लागले. अशोकाने फूट पाडणाऱ्याची वस्त्रे उतरवण्याची आज्ञा दिली, कारण ती वस्त्रे त्या माणसाची नव्हती, संघाची होती. राजमुद्राही तशीच उसनी असते. ती पदाला दिलेली असते आणि पद जनतेचे असते.

चिन्हाच्या रूपाबद्दल लोक किती हळवे असतात ते २०२२ मध्ये दिसले. ११ जुलैला नव्या संसद भवनाच्या माथ्यावरच्या कांस्य सिंहांचे अनावरण झाले. उंची साडेसहा मीटर, वजन ९,५०० किलो. त्यांच्या घडणीत शिल्पकार सुनील देवरे यांचा सहभाग होता. हे सिंह मूळ शिल्पापेक्षा उग्र दिसतात अशी टीका झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि कायद्याचा भंग झालेला नाही असे सांगून न्यायालयाने याचिका फेटाळली. सात फुटांचे शिल्प इतके मोठे करून उंचावर ठेवले आणि खालून पाहिले की जबडे आणि दात अधिक भरतात, हे खरेच आहे. मला त्या वादात एक चांगली गोष्ट दिसली. एरवी नाण्याकडे ढुंकून न पाहणारी माणसे आठवडाभर सारनाथच्या सिंहांच्या चेहऱ्यावरचे भाव पाहत होती.

महाराष्ट्र शासनाची स्वतःची मुद्रा वेगळी आहे. तिच्या मध्यभागी समई आहे आणि भोवती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून बेतलेला संस्कृत मजकूर. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाला वंद्य अशी ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते, असा त्याचा आशय. शिवाजी महाराजांची मुद्रा आणि सारनाथचे सिंह एकत्र आले ते समुद्रावर. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, त्याच दिवशी नौदलाचे नवे निशाण फडकले. त्यातला सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि निळा अष्टकोन आला. हा आकार शिवाजी महाराजांच्या अष्टकोनी राजमुद्रेवरून घेतला आहे. त्या अष्टकोनात नांगर आहे आणि नांगरावर सारनाथचे सिंह.

काशीला गेलात तर अर्धा दिवस सारनाथसाठी काढा. संग्रहालयात शिरताच समोर सिंहशीर्ष दिसते. तिथे फोटो घेऊन पुढे जाऊ नका, वळसा घालून मागे जा. नाण्यावर कधीच न दिसणारा चौथा सिंह तिथे आहे, आणि बैठकीवर तो मागे राहिलेला हत्तीही. मग रस्ता ओलांडून उत्खननाच्या आवारात जा आणि तुटलेल्या स्तंभाच्या बुंध्यावरची ब्राह्मी अक्षरे पाहा. वार मात्र आधी बघून ठेवा, संग्रहालय शुक्रवारी बंद असते.